जाड रेकॉर्ड घ्यावी का? कोकणात नव्याने रेकॉर्ड जमवणाऱ्यांसाठी

गेल्या गणपतीत भाचा पुण्याहून आला तो बॅगेत नवी कोरी रेकॉर्ड घेऊनच. कव्हरवर सोनेरी स्टिकर, त्यावर ठळक आकड्यांत ‘१८० ग्रॅम’. “मामा, हातात धरून बघ. तुझ्या जुन्या रेकॉर्ड हिच्यापुढे पापड वाटतात. आवाजसुद्धा तसाच भरदार असेल ना?” संध्याकाळची आरती झाल्यावर आम्ही त्याची रेकॉर्ड आणि माझी १९७० च्या दशकातली एचएमव्हीची एक एलपी (बारा इंची मोठी रेकॉर्ड) स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. त्याची भरली १८३ ग्रॅम, माझी १२४. मग दोन्ही लावून ऐकल्या. दोन्हींवर ख्यालगायनच होतं. माझ्या एलपीवर मधूनमधून टिकटिक होत होती, पण तानपुरा जागच्या जागी होता. त्याच्या रेकॉर्डवर मागची शांतता सुरेख होती, पण तानपुऱ्याचा षड्ज हेलकावे खात होता, पाळण्यात ठेवल्यासारखा. पोराचा चेहरा पडला. तिचे त्याने तीन हजारांच्या वर मोजले होते.

त्या रात्री त्याला जे समजावलं तेच इथे क्रमाने लिहितो, कारण आपल्या पट्ट्यात नव्याने रेकॉर्ड जमवायला लागलेली मुलं-मुली पहिला प्रश्न हाच विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: वजनासाठी वेगळे पैसे मोजू नका. रेकॉर्ड कशावरून आणि किती काळजीने बनवली आहे याला पैसे द्या. उरतील ते सुईवर आणि पावसाळ्यापासून रेकॉर्ड वाचवण्यावर घाला.

पहिली पायरी: वजन म्हणजे काय ते समजून घ्या

बारा इंची एलपी साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते. जिला ‘हेवीवेट’ म्हणतात ती १८० ग्रॅमची, क्वचित २०० ग्रॅमचीही मिळते. दोन्हींचा व्यास तोच, माल तोच, म्हणजे पीव्हीसी. मग जादा ५०-६० ग्रॅम जातात कुठे? फक्त जाडीत. हिशेब केला तर १३० ग्रॅमच्या रेकॉर्डची सरासरी जाडी सव्वा मिलिमीटरच्या किंचित वर येते आणि १८० ग्रॅमवालीची पावणेदोनच्या किंचित वर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा.

आता खाच बघा. सुई जिच्यातून चालते ती खाच मिलिमीटरचा साधारण तिसावा-चाळिसावा भाग खोल असते. पातळ रेकॉर्डमध्येही तिच्याखाली तिच्या कितीतरी पट माल शिल्लक असतो. रेकॉर्ड जाड केली म्हणून खाच खोल होत नाही, रुंद होत नाही आणि तिच्यात जास्त सूर मावत नाहीत. खाच आधी मूळ तबकडीवर कोरली जाते, तिच्यावरून धातूचे साचे निघतात, आणि त्या साच्यांमध्ये गरम पीव्हीसीचा गोळा दाबला जातो. साचा तोच ठेवून गोळा मोठा घेतला की जाड रेकॉर्ड, लहान घेतला की पातळ. विहीर खणताना चिऱ्याचा थर किती जाड लागला यावरून पाण्याची चव ठरत नाही, तसंच हे.

जाडीमुळे सुईचा कोन बदलतो असंही कोणी सांगेल. बदलतो, खोटं नाही. पण टोनआर्म, म्हणजे सुई धरून ठेवणारा दांडा, साधारण २३ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या एका टोकाला अर्धा मिलिमीटर उंची वाढली तर कोनात पडणारा फरक एका अंशाच्या आठव्या भागाएवढा. नवशिक्याने त्यावर झोप घालवू नये.

हा समज आला कुठून

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, “आमच्या वेळच्या रेकॉर्ड कशा जड असायच्या!” खरं आहे. त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. लाखेत दगडाची भुकटी मिसळत, म्हणून त्या जड, आणि म्हणूनच हातातून सुटली की मातीच्या परळासारखी फुटे. गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी मुंबईहून ग्रामोफोन घेऊन गावी आला की अख्खी वाडी ओटीवर गोळा व्हायची. त्या आठवणीत जडपणा आणि गोडवा एकमेकांत मिसळले आहेत. पण तो जडपणा मालाचा होता. १९४८ मध्ये व्हायनिलची, म्हणजे पीव्हीसीची, एलपी आली ती हलकीही होती आणि खरखरही तिच्यात कितीतरी कमी होती.

पुढे गाडी उलटी गेली. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९६९ च्या सुमारास ‘डायनाफ्लेक्स’ नावाच्या पातळ, वाकणाऱ्या रेकॉर्ड काढल्या. १९७३ च्या तेलटंचाईत पीव्हीसी महागलं, कारण ते खनिज तेलातून येतं, आणि इतर कंपन्यांनीही माल कमी वापरायला सुरुवात केली. त्या काळात माल वाचवणाऱ्यांनी बऱ्याचदा इतर ठिकाणीही हात आखडता घेतला. पुढे सीडीच्या जमान्यात ज्या मोजक्या कंपन्या दर्दी लोकांसाठी रेकॉर्ड काढत राहिल्या, त्यांनी मूळ टेप मिळवली, चांगल्या माणसाकडून खाच कोरून घेतली, प्रेसिंगला, म्हणजे साच्यात रेकॉर्ड दाबून काढायला, वेळ दिला, आणि शिवाय रेकॉर्ड जाड ठेवली. लोकांनी ऐकलं, आवडलं, आणि श्रेय गेलं वजनाला, कारण हाताला तेवढंच जाणवतं. आता तोच आकडा स्टिकरवर छापणं सगळ्यांत सोपं झालं आहे. बाकीची मेहनत स्टिकरवर छापता येत नाही.

दुसरी पायरी: आवाज कुठे ठरतो ते शोधा

इथे जरा वेळ द्या.

पहिली गोष्ट, मूळ. पुनर्मुद्रित रेकॉर्ड मूळ टेपवरून केली आहे, टेपवरून नीट केलेल्या डिजिटल फाइलवरून, की सीडीसाठी आवाज फुगवून ठेवलेल्या फाइलवरून? ज्या कंपनीने काम मनापासून केलं असेल ती कव्हरच्या मागे लिहिते: टेप कुठली, मास्टरिंग, म्हणजे खाच कोरण्याआधी आवाज नीट बसवायचं काम, कोणी केलं, प्रेसिंग कुठे झालं. या तिन्हींबद्दल चकार शब्द नाही आणि फक्त ‘१८० ग्रॅम’ ठळक असेल, तर मी ती रेकॉर्ड परत जागेवर ठेवतो.

दुसरी, एका बाजूला किती मिनिटं कोंबली आहेत. ३३ च्या वेगाची रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहतीसपेक्षा थोडे जास्त फेरे घेते. वीस मिनिटांच्या एका बाजूला साडेसहाशेच्या वर फेरे होतात, आणि ती एकच सलग खाच उलगडून सरळ केली तर चारशे मीटरच्या पुढे जाईल. एवढी लांबी त्या चकतीवर बसवायची असते. वेळ वाढली की खाचा एकमेकींना चिकटून काढाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि पातळी उतरली की खरखर वर येते. अठरा-वीस मिनिटांपर्यंत मामला निवांत असतो. पंचवीसच्या पुढे गेलं की तडजोड सुरू होते. आपल्या शास्त्रीय रेकॉर्डमध्ये हे नेहमीच घडतं, कारण राग अर्ध्यात तोडता येत नाही.

त्यातच आणखी एक. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत लिहायचा म्हणजे अक्षर बारीक होणारच. म्हणून बाजू संपत येते तेव्हा, नेमक्या द्रुत तानांच्या वेळी, आवाज किंचित फाटल्यासारखा वाटतो. एकच लांब बाजू १८० ग्रॅमवर दाबण्यापेक्षा तेच गाणं दोन हलक्या रेकॉर्डवर ऐसपैस पसरलेलं असेल तर ते घ्या. कव्हरवरची मिनिटं वाचायची सवय लावा.

तिसरी, मधलं भोक. भाच्याच्या रेकॉर्डचं दुखणं इथे होतं. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी खाच प्रत्येक फेऱ्याला सुईच्या जवळ येते आणि लांब जाते. केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर त्याने स्वर अर्धा टक्का वर-खाली होतो, आतल्या बाजूला त्याहून जास्त. ढोल-ताशा, गिटार, वेगवान सिनेमाची गाणी यांत ते खपून जातं. तानपुरा, हार्मोनियम, सनई, बासरी यांत खपत नाही. स्थिर षड्ज हे ही चूक पकडायचं सगळ्यांत चांगलं साधन आहे, आणि ते आपल्या संगीतात प्रत्येक रेकॉर्डच्या सुरुवातीलाच मिळतं. डोळ्यांनी पाहायचं तर रेकॉर्ड लावून टोनआर्मच्या पुढच्या टोकाकडे समोरून बघा. ते संथपणे आत सरकत जायला हवं. दर फेऱ्याला डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. त्याच्या टोनआर्मचं टोक आम्ही टॉर्च लावून पाहिलं. नाकातल्या नथीच्या मोत्यासारखं हलत होतं. जाडीने यात काडीचा फरक पडत नाही.

चौथी, थंड व्हायला दिलेला वेळ. रेकॉर्ड साच्यात वाफेवर तापवलेल्या प्रेसने दाबली जाते आणि लगेच पाण्याने थंड केली जाते. जाड रेकॉर्डमध्ये माल जास्त, म्हणून तिला थंड व्हायला जास्त वेळ लागतो. कारखान्याने घाई केली आणि पुरती निवायच्या आत ती बाहेर काढली, तर ती कारखान्यातूनच वाकलेली निघते. तेव्हा १८० ग्रॅम म्हणजे सपाट असं गृहीत धरू नका. आणि जाड रेकॉर्ड एकदा वाकली की घरी सपाट होणं अवघडच.

तिसरी पायरी: आधी आपल्या प्लेअरकडे बघा

ज्यांनी सूटकेसच्या आकाराचा स्वस्त प्लेअर घेतला आहे त्यांना हात जोडून विनंती, जाड रेकॉर्डवर एक रुपयाही जादा घालू नका. त्या प्लेअरची फिरती थाळी रेकॉर्डपेक्षा लहान असते, मोटर हलकी असते, आणि सुई बऱ्याचदा पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त दाबाने टेकते. तिथे वजनाचा फायदा शून्य. जे पैसे वाचतील ते बाजूला टाका आणि टोनआर्मच्या वजनाने सुईचा दाब कमी-जास्त करता येईल असा टर्नटेबल घ्या.

टर्नटेबल ठीक असेल तर सुई बघा. ऑडिओ-टेक्निका ही कार्ट्रिज, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला सुई बसवलेला छोटा भाग, बनवणारी कंपनी साध्या गोल टोकाच्या सुईचं आयुष्य सुमारे ५०० तास धरते आणि लंबगोल टोकाच्या सुईचं ३००. रोज एक एलपी, म्हणजे चाळीसेक मिनिटं ऐकली, तर लंबगोल सुई सव्वा वर्षाच्या आत झिजते. झिजलेली सुई खाच कुरतडते, रेकॉर्ड १२० ग्रॅमची असो की २०० ची. कोणाकडून जुना प्लेअर मिळाला असेल तर त्यावर आपली चांगली रेकॉर्ड लावायच्या आधी सुई बदला. सुईचा दाब किती ठेवायचा ते कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याच कंपनीच्या एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम, तर स्वस्त प्लेअरवर नेहमी दिसणाऱ्या एटी-३६००एलला त्याहून जास्त. अंदाजाने लावू नका. सुईचा दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घेतलाच पाहिजे.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. खाऱ्या हवेने कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक पिना आणि अॅम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरचे प्लग काळवंडतात. एका बाजूचा आवाज कमी झाला किंवा मधेच गेला की लोक रेकॉर्डला दोष देतात. आधी प्लग काढून, पुसून, परत घट्ट लावा. पिना हलवताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा आणि सुईला कव्हर असू द्या.

आणि लाइट गेली तर पहिलं काम टोनआर्म उचलायचं. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसातून चार वेळा जाते. थाळी थांबते, सुई खाचेत तशीच बसून राहते, आपण मेणबत्ती शोधायला जातो आणि विसरतो.

चौथी पायरी: घेताना

कोकणात रेकॉर्डचं दुकान शोधून सापडणं कठीण. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. मुंबईला गेलात तर चोरबाजारात हाताळून घेता येतं. नाही तर बहुतेकांची खरेदी कुरियरनेच.

हाताळून घेणार असाल तर रेकॉर्ड कडेने आणि मधल्या लेबलला धरून डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि उजेडाकडे बघा. वाकडेपणा तेव्हाच दिसतो. कडेला नुसती एक लाट असेल तर चालून जाते. बशीसारखा खोलगटपणा किंवा एकाच जागी टेंगूळ असेल तर सोडा. मग उजेड तिरपा पडू द्या. केसासारखे ओरखडे दिसतात, त्यातले नखाला न लागणारे बहुतेकदा ऐकूही येत नाहीत. नखाला लागतात ते टिकटिक देणारच. खाचांची चमक जाऊन करडा रंग आला असेल तर ती रेकॉर्ड वाईट सुईने झिजवलेली आहे, ती कशानेही सुधारणार नाही. भोकाभोवतीच्या लेबलवर पिनेचे बारीक रेघोटे खूप असतील तर ती खूप वाजली आहे असं समजा.

जुन्या भारतीय एलपी हाताला हलक्या लागतील. म्हणून त्या नाकारू नका. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, आपल्या गोव्याकडचे जितेंद्र अभिषेकी, यांच्या त्या काळातल्या रेकॉर्ड टेप ताजी असताना निघालेल्या आहेत. स्वच्छ केलेली, नीट राखलेली तशी एक एलपी मी कुठल्याही स्टिकरवाल्या रेकॉर्डच्या बदल्यात देणार नाही.

कुरियरने मागवताना मात्र वजन आड येतं, आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. जाड रेकॉर्ड कव्हरच्या आत हलते, धक्का बसला की तिची कड कव्हरच्या शिवणीवर आदळते आणि शिवण उसवते. घाटातून, खड्ड्यांतून सात-आठ तास हादरे खात आलेल्या पार्सलमध्ये हे हमखास होतं. मी मागवलेल्या एका जोड-रेकॉर्डची कव्हरची खालची बाजू सुरीने चिरल्यासारखी उघडी होती, आतला कागदी लिफाफाही फाटला होता आणि रेकॉर्डच्या पहिल्या बोटभर भागावर कागदाचा भुसा बसला होता. तेव्हापासून विकणाऱ्याला ऑर्डरच्या वेळीच लिहितो: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या लिफाफ्यात, कव्हरच्या मागे ठेवून, दोन्हीकडून कडक पुठ्ठा लावून पाठवा. चांगले विक्रेते ऐकतात. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवा. भाच्याने सरकलेल्या भोकाचा व्हिडिओ पाठवला तेव्हा दुकानदाराने कुरकुर न करता दुसरी प्रत दिली. तिचं वजन भरलं १७६ ग्रॅम, आणि तानपुरा खुंटीला टांगल्यासारखा स्थिर.

मे महिन्यात पार्सल मागवणं शक्य तर टाळा. उन्हात उभ्या व्हॅनमध्ये किंवा बंद गाडीत रेकॉर्ड मऊ पडायला वेळ लागत नाही. बाजारात खरेदी करून गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवली आणि जेवायला उतरलात, तर परत येईपर्यंत तिची कुरडई झालेली असेल. इथे जाडी थोडा धीर धरते, पण वाचवत नाही.

मग जाड रेकॉर्ड घ्यायचीच नाही?

घ्या की. हवं ते गाणं, चांगलं मास्टरिंग, नीट प्रेसिंग मिळत असेल आणि ती प्रत १८० ग्रॅमची असेल, तर आनंदाने घ्या. हाताळताना ती वाकत नाही, थाळीवर बेताने बसते, हातात धरल्यावर समाधान वाटतं. ते समाधानही काही खोटं नाही. पण एकच रेकॉर्ड १४० आणि १८० ग्रॅम अशा दोन प्रतींत मिळत असेल, साचे तेच असतील आणि जाड प्रतीला पाचशे-सातशे रुपये जास्त असतील, तर पातळ घ्या. नवशिक्याकडे दहा रेकॉर्ड असतात तेव्हा हा फरक किरकोळ वाटतो. शंभर होतात तेव्हा त्या पन्नास-सत्तर हजारांत चांगला टर्नटेबल, दोन सुया आणि लाकडी कपाट येतं.

कपाटावरून आठवलं. शंभर एलपी कव्हरांसकट पंचवीस-तीस किलो भरतात, जाड असतील तर आणखी पाच-सहा किलो. भिंतीला ठोकलेल्या पातळ फळीवर त्या ठेवू नका.

शेवटची पायरी: आगोटीची तयारी

मृग लागायच्या आधी आपण सरपण भरतो, कौलं चाळतो, मिरची-कोकम डब्यात जातं. रेकॉर्डचंही तेव्हाच करायचं. पीव्हीसीला पाण्याचं भय नाही. बुरशी खरी खाते ती कव्हरचा कागद, आणि रेकॉर्डवर बसलेला बोटांचा तेलकटपणा नि धूळ. म्हणून मे महिन्यात प्रत्येक रेकॉर्ड धुऊन, पूर्ण सुकवून ठेवायची. घाण असलेलीच आत ठेवली तर श्रावणात तिच्यावर पांढरट जाळी आलेली दिसेल.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या, मेडिकलमध्ये मिळतं. विहिरीच्या पाण्यातले क्षार खाचेत सुकून बसतात. पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या बिनरंगी लिक्विडचा एखादा थेंब. मऊ ब्रश गोलाईत, खाचेच्या दिशेने फिरवा, आडवा कधीच नाही. लेबलला पाणी लागू देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मायक्रोफायबरच्या कापडाने टिपा आणि भांड्यांच्या जाळीत उभी करून पंख्याखाली सुकवा. बुरशी आलेली असेल तर हे काम पडवीत, तोंडाला मास्क बांधून करा, आणि जुना कागदी लिफाफा फेकून द्या. घरात लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते. त्यांना सुईही वेगळी, जाड टोकाची लागते.

आपल्याकडे पाऊस उघडला की गाद्या, कडधान्यं, पुस्तकं, सगळ्याला ऊन दाखवायची पद्धत आहे. माझ्या आईनेही मायेपोटी एकदा माझ्या पाच रेकॉर्ड अंगणात खळ्यावर मांडल्या होत्या. अर्ध्या तासात पाचही गेल्या. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कव्हराला सावलीतला वारा द्या, रेकॉर्डला ऊन कधीही नाही.

आतला लिफाफा कागदी असेल तर बदलून पॉलिथिनचा घ्या, कागद ओल धरतो. जुन्या रेकॉर्डला बऱ्याचदा मऊ, चिकट प्लास्टिकचे लिफाफे असतात. ते काढाच, त्यांच्यामुळे रेकॉर्डवर धुरकट थर येतो आणि तो धुऊनही जात नाही. बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर वरून उघडं ठेवा. पूर्ण सीलबंद केलं तर आतली ओल आतच राहते.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा. तिच्यावर पावसाचे सपकारे बसतात आणि चिरा पाणी पितो. कपाट आतल्या भिंतीला, भिंतीपासून चार बोटं सोडून, जमिनीपासून वीतभर वर. वाळवी खालून येते, कसर कव्हरच्या डिंकाला लागते, म्हणून महिन्यातून एकदा सगळी रांग हलवून बघा. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, सरळ, ना दाटीवाटीने ना कलत्या. एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या हळूहळू वाकतात आणि कव्हरांवर गोल वळ उमटतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला. डांबराच्या गोळ्या मी रेकॉर्डजवळ ठेवत नाही.

पावसात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने असते. हवेत ओल असली की रेकॉर्डवर स्थिर वीज साचत नाही, धूळ कमी चिकटते आणि टिकटिकही कमी होते. म्हणून कपाट बंद करून बसू नका. आषाढात रोज एक तरी रेकॉर्ड काढा, ब्रश फिरवा, वाजवा, आणि कोरडी बघून परत ठेवा. वापरातल्या रेकॉर्डवर बुरशी सहसा धरत नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की कव्हरं एकेक करून उघडा, आतल्या घडीत नाक घालून वास घ्या. कुबट वास येईल ती कव्हरं बाजूला काढून दोन दिवस सावलीत पंख्याखाली उभी ठेवा, आणि त्यांच्यातली रेकॉर्ड तेवढी पुन्हा धुवा.